सदतीसचा पाढा

बीडच्या अभ्यासिकेत पंख्याखालच्या खुर्चीसाठी रोज कुणीतरी भांडायचंच. सुकन्याची अन् अंगदची ओळखही भांडणातूनच झाली. नांदूरघाटहून पहिली एसटी पकडून ती आली, तर हा तिच्या खुर्चीत ऐसपैस! वर तिच्या वहीत डोकावून हसतोय.

"मिलिक्युरीचं मेगाबेकरेल करायला पानभर गणित कावून मांडलंय?"

"तुमाला काय करायचंय?"

"सदतीसनं गुणा की. क्युरी किरणोत्साराचं जुनं माप, बेकरेल नवं. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल."

"सदतीसचा पाढा कुणाला येतो? आमच्या गुरुजींनी तिसापर्यंतच घोकून घेतले."

"मंग पुढचे मी घेतो..." खुर्ची सोडत तो म्हणाला. सुकन्यानं मान खाली घातली, पण त्या दिवशी पान काही उलटलं नाही.

दोघांचीही तयारी एकाच परीक्षेची होती. कॅन्सरच्या दवाखान्यात किरणोत्सारी औषध मोजून देणारा तंत्रज्ञ हवा होता. जागा एकच. पण चहाच्या टपरीवर त्याची आठवण कोण ठेवतो?

"सदतीस त्रिक?"

"एकशे अकरा."

"बघ, तीन एक्के... कसे खेटून बसलेत!"

"तू जरा सरक तिकडं," ती म्हणायची, अन् स्वतः मात्र तिथंच बसून राहायची.

नारायणगडाच्या पायऱ्यांवर तिनं एकदा धीर करून विचारलं, "अंगद... मी किती आवडते तुला?"

"तीन हजार सातशे कोटी."

"काय?"

"बेकरेल!"

ती इतकी हसली की दर्शनाला आलेल्या बाया वळून बघायला लागल्या. वेडी पोर! तिनं मनातल्या मनात संसारसुद्धा मांडला.

निकाल लागला. निवड सुकन्याची. प्रतीक्षा यादीत पहिला अंगद. ती पेढे घेऊन टपरीवर धावली. त्यानं पेढ्याला हात लावला नाही.

"तीन मिलिक्युरीचा प्रश्न व्हता. घाईत गुणायच्या जागी भागलं मी."

"अरे, पण तूच तर मला..."

"तू रुजू होऊ नको, सुकन्या. मंग जागा मला येती. आपलं लगीन झाल्यावर तुला कशाला पायजे नोकरी? घर तर एकच हाय ना."

तो थट्टा करतोय असं वाटून ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

"आन् मी न्हाई म्हणलं तर?"

"मंग तुझा रस्ता तुला, माझा मला."

सुकन्याला राग आला, अन् त्याहून जास्त स्वतःची कीव आली. पेढ्यांचा पुडा बांधत तिनं विचारलं, "तीन हजार सातशे कोटी बेकरेल म्हंजी किती क्युरी रे?"

"एक," सवयीनं तो बोलून गेला.

"एकच... शून्यं बघून मी लई समजले व्हते."

सोमवारी ती रुजू झाली. पहिल्याच रुग्णाच्या चिठ्ठीवर तीन मिलिक्युरी लिहिलं होतं. विभागाच्या मोठ्या बाईंनी किती मेगाबेकरेल ते विचारायच्या आत सुकन्या म्हणाली, "एकशे अकरा." हातात मोजे होते, म्हणून डोळे दंडाला पुसले. तो पाढा तिला कायमचा विसरायचा होता, पण तिची नोकरी त्याच पाढ्यावर होती.