हवेतलं चाक

एक चाक हवेत गरगर फिरतंय, दुसरं खडकावर घट्ट टेकलंय, पण ढिम्म हलत नाही. मोटर ठणठणीत. मग गाडी का अडते?

हे कोडं गेल्या श्रावणापासून केतकीच्या घरात मुक्कामाला होतं. तिची आई डोंगरातल्या पाड्यांवर विजेची रुग्णगाडी चालवायची. त्या दिवशी गाडी ओढ्यात अशीच अडली आणि आतले आजारी धोंडूमामा दवाखान्याच्या वाटेवरच गेले. "माझंच चालवणं चुकलं," म्हणत आईने किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. घरातलं हसणंही तेव्हापासून आटलं.

आबांनी, म्हणजे केतकीच्या आजोबांनी, उभी हयात चंद्रावर फिरणाऱ्या गाड्या बनवण्यात घालवली होती. त्यांनी अंगणातच रुग्णगाडी ठोकळ्यांवर चढवली. यंत्रमानव गोट्याने मागचा आस (चाकं फिरवणारा दांडा) उघडला. गोट्या अंगाने आडदांड, पण पक्का सांगकाम्या.

"खळ्यात मळणीचे बैल गोल फिरतात, तेव्हा जास्त कोण चालतो?" आबांनी विचारलं.

"बाहेरचा."

"वळणावर चाकांचंही तसंच. म्हणून मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दंतचक्रांची जोडणी) असतं. पण ते दोघांना जोर मात्र सारखाच वाटून देतं. हवेतलं चाक फिरायला किती जोर लागतो?"

"काहीच नाही... म्हणजे खडकावरच्यालाही तेवढाच मिळतो?"

"तेवढाच! आता हा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा अडसर) बसवू. बटण दाबलं की दोन्ही चाकं बरोबरच फिरतील. आणि ही नवी दंतचक्रं वेग थोडा घटवून जोर वाढवतील."

आबांनी तेलात शेंदूर कालवून चक्रांच्या दात्यांना फासला. "दाते कुठे टेकतात ते यात उमटतं. तू हात लावू नकोस, शेंदूर विषारी असतो."

चक्र फिरवल्यावर डाग दात्याच्या कडेला उमटला.

"चालेल," गोट्या म्हणाला.

"चालेल नको, बरोबर हवं. या गाडीतून आजारी माणसं जातात." आबांनी सगळं पुन्हा खोललं, पातळ चकती घातली, पुन्हा जोडलं. डाग दात्याच्या मधोमध येईपर्यंत त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे त्या दिवशी मी काहीही केलं असतं तरी..."

"तरी गाडी हलली नसती, पोरी," आबा हळूच म्हणाले.

आई पायरीवर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. केतकी तिला बिलगून राहिली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात गाडी घालताना आईच चालवायला बसली, शेजारी केतकी आणि मागे आबा. मागचं एक चाक हवेत लटकलं तशी केतकीने बटण दाबलं. खट्! खडकावरच्या चाकाने पकड घेतली आणि गाडी जडपणे वर चढली.

"झाली चाचणी," आबा म्हणाले. "फिरव मागे."

आईने गाडी फिरवली नाही. "पाड्यावर जाऊन येते. धोंडूमामांच्या घरी मी अजून भेटायलासुद्धा गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?"

पुढे डांबरी वळण आलं.

"आई, लॉकर काढ," केतकी म्हणाली. "इथे बाहेरच्या चाकाला जास्त चालायचंय. बांधून ठेवलं तर टायर घासतील, दांडाही तुटेल."

आईने बटण बंद केलं. वळणापलीकडे पाड्याची कौलं दिसू लागली. ही वाट आता पावसातही अडणार नव्हती. धोंडूमामांच्या दारात त्यांची म्हातारी काठी टेकत बाहेर आली, गाडी ओळखून क्षणभर थबकली, आणि आई खाली उतरायच्या आत तिने आत हाक मारली, "सूनबाई, पाणी आण गं. आपली ताई आली."