टप वेगळा पडतो

"अहो, पाऊस आलाय. मोटारीचा टप ओढून घ्या ना!"

सायकलवरून उतरत एका अनोळखी तरुणानं हे इतक्या सहज सुचवलं, की माझं डोकंच फिरलं. चढावर आमची नवी कोरी मोटार बंद पडलेली. स्टिअरिंग धरून बाबा भिजताहेत, मी एका छत्रीत त्यांना आणि त्यांच्या औषधांच्या पेटीला कशीबशी झाकतेय... आणि हा म्हणे टप ओढा!

"असता तर ओढला नसता का?" मी उसळले. "टप वेगळा पडतो! जाहिरातीत छापायचं, विलायती मोटार फक्त तीन हजारांत. घ्यायला गेलं की कळतं, तीन हजारांत नुसता सांगाडा. टप वेगळा, दिवे वेगळे, समोरची काच वेगळी. भोंगासुद्धा वेगळा! वर जहाजाचं भाडं, वर जकात. चार हजार मोजून बाबा घरी आले, तरी डोक्यावर आभाळच!"

"अगं, पुरे..." बाबा पुटपुटले.

"पुरे काय? लांबच्या पेशंटांकडे लवकर पोचता यावं म्हणून चांगली घोडागाडी विकलीत तुम्ही. महिन्यात दोन टायर फुटले. एका टायरच्या पैशात आपली घोडी सहा महिने जेवली असती! ज्यानं हे धूड तुमच्या गळ्यात मारलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा."

सायकलवाल्याचे कान लालबुंद झाले होते.

"आमची ठिणगी," बाबा ओशाळून म्हणाले. "मनावर घेऊ नका."

"नाही, नाही. ऐकतोय मी," तो म्हणाला. सायकल कुंपणाला टेकवून त्यानं मोटारीला खांदा लावला. दुसऱ्या बाजूनं मी लावला. वर पोचेपर्यंत आम्ही दोघंही धापा टाकत होतो. त्याच्या पापण्यांवर थेंब लोंबत होते, आणि तो हसला. इतकं छान हसला, की मला आणखीच राग आला!

दुसऱ्या दिवशी फुटक्या टायरचा जाब विचारायला मी थेट मोटारींच्या दुकानात गेले. काचेचं दार ढकललं... आणि समोरच्या टेबलामागे, कोट-टाय लावून, तोच!

"तुम्ही?"

"बसा ना."

"बसत नाही! काल बोलला का नाहीत?"

"बोलायला जागा कुठे ठेवली होतीत?"

मला हसू येणार होतं. मी ते दातांखाली दाबलं. "बाबांना मोटार तुम्हीच विकलीत?"

"नाही. मी आठवड्यापूर्वीच लागलो इथे. पण—" त्यानं आवाज खाली आणला, "मीही तीन हजारच सांगितले असते. मालकांचा हुकूम आहे. गिऱ्हाईक विसार देऊन अडकलं, की मगच वरचा खर्च काढायचा."

"आणि तुम्हाला झोप लागते?"

"कालपर्यंत लागायची..."

"गोड बोलून टायर सांधला जात नाही!" मी म्हणाले खरी, पण गाल तापले होते. रागानंच, असं मी स्वतःला बजावलं.

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आत आलं. आजोबा नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. साठवलेल्या पैशांतून मोटार घ्यायची, भाड्यानं फिरवायची, आणि पुढे आरामात जगायचं, असा त्यांचा बेत. आजी पर्स छातीशी घट्ट धरून बसल्या.

"तीन हजारच ना?" आजोबांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती बघत राहिले. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं, मालक आत बसले होते. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही, आजोबा. रस्त्यावर येईपर्यंत चार हजार. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी टायर. पेट्रोलचे डबे आमच्याकडेच मिळतात, म्हणून दुप्पट भावानं. शोफरचा पगार वेगळा. एखादा भाग मोडला, तर तो जहाजानं येईपर्यंत मोटार दारात उभी. भाड्याच्या कमाईत हे सगळं बसत नाही. आयुष्यभराची पुंजी यात घालू नका."

"ऐकलंत? मी काय वेगळं सांगत होते?" आजींनी आजोबांना हाताला धरून उठवलं. जाताना त्याच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला.

मालक बाहेर आले. "उद्यापासून येऊ नकोस."

झालं! माझा तोल गेला. "का? हे खरं बोलले म्हणून? लाज वाटायला हवी ती तुम्हाला! माणसं आंधळेपणानं फसतात, आणि जो डोळे उघडतो त्यालाच घरी बसवता? यांना काढणार असाल, तर मी शहरातल्या प्रत्येक डॉक्टरच्या, प्रत्येक वकिलाच्या घरी जाऊन तुमचा खरा भाव सांगेन!"

"बाई, तुम्ही याच्या कोण?"

"अजून कोणी नाही!"

शब्द सुटला... आणि मी जीभ चावली. मी दार ढकलून बाहेर आले ती सरळ चालत सुटले. मागून धावती पावलं आली.

"थांबा तरी! टायरचं राहिलं. संध्याकाळी घरी येऊन मी सांधून देतो. मला येतं."

"आधी हे सांगा, नोकरी कशाला घालवलीत? मी सांगितलं होतं?" माझा आवाज उगाच चढला. डोळे भरून आले होते, तेही रागानंच.

"तुम्ही बघितलंत."

"बघितलं म्हणून काय झालं! आता घरी काय सांगाल?"

"आई विचारेल, कोणामुळे गेली. तुमचं नाव घ्यावं लागेल..."

"मग मीच येते समजवायला!"

"येणार? पण... अजून तर तुम्ही कोणी नाही." तो गालात हसत होता. "हे 'अजून' किती दिवसांचं?"

"ते तुमच्या आईला भेटल्यावर ठरवेन. तुम्हाला का सांगू?" मी फणकाऱ्यानं म्हणाले आणि पुढे निघाले. पण इतक्या हळू, की त्याला माझ्या बरोबरीनं यायला मुळीच घाई करावी लागली नाही.