स्पीकरमधली घरघर

एका काकूंच्या घराचा मेन स्विच मी खाली ओढला आणि शेजारच्या फ्लॅटचं दार धाडकन उघडलं.

दारात एक उंच माणूस उभा. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर.

"आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काकूंचा मेन बंद केला. बेल बसवायची आहे," मी म्हटलं. "तुमची लाइन वेगळी आहे. तुमच्याकडची वीज काही..."

"परत चालू कराल?"

"काय?"

"एकदाच. चालू करा... आणि मी आत गेलो की बंद करा."

मी इलेक्ट्रिशियन आहे. बाबांचा धंदा, आता मी चालवते. लोकांच्या नाना तऱ्हा बघितल्यात, पण दुसऱ्याच्या मेन स्विचसाठी गयावया करणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. केला स्विच वर. आतून आवाज आला, "आली." केला खाली. "गेली." पुन्हा वर. "आली." तो इतका खूश झाला होता की मलाही गंमत वाटायला लागली.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय खेळ मांडलाय गं माझ्या विजेचा?"

मग उलगडा झाला. त्याच्याकडे गाणी ऐकायची मोठी सिस्टिम होती आणि तिच्या स्पीकरमधून कित्येक महिने घरघर येत होती. अॅम्प्लिफायर दुरुस्तीला देऊन झाला, वायरी बदलून झाल्या, घरघर काही जाईना. आणि मूळ होतं काकूंच्या हॉलमध्ये. तिथे एक दिवा होता, गोल बटण फिरवून मंद करायचा. त्या बटणाचा खरखराट विजेच्या तारांमधून भिंत ओलांडून त्याच्या स्पीकरमध्ये जाऊन बसत होता.

"म्हणजे माझा दिवा तुझ्या घरात गातो?" काकूंनी विचारलं.

"गात असता तर काय हवं होतं, काकू. घोरतो."

कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान त्याचं. काकूंच्या चष्म्याची वाकडी काडी त्याने तिथल्या तिथे सरळ करून दिली, तेव्हा कुठे काकू बटण बदलायला राजी झाल्या. घरघर निम्मी झाली. उरलेल्या निम्मीसाठी त्याने मला घरी बोलावलं.

दुपारी त्याचं दुकान बंद असायचं. मी गेले, अॅम्प्लिफायरचा प्लग काढून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. तीन तारांपैकी अर्थची तार कापून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"हे कोणी केलं?"

"मीच. कुठेतरी वाचलं होतं... अर्थ काढला की घरघर जाते."

"जाते ना. आणि एखाद्या दिवशी त्या पेटीला हात लावलात की तुम्हीही जाता."

तो हळूच म्हणाला, "रागावलात?"

"मी गिऱ्हाइकांवर रागवत नाही."

"मग कोणावर रागावता?"

मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने खाली वाकले. स्क्रू माझ्या हातातच होता.

दोन दिवसांचं काम होतं. लांबत गेलं... थोडं त्याच्यामुळे, थोडं माझ्यामुळे. अर्थिंग नव्याने केलं. बोर्डावरून फक्त सिस्टिमसाठी वेगळी लाइन ओढली, म्हणजे फ्रिज आणि पंख्यांची लुडबूड नको. स्पीकरच्या आणि विजेच्या वायरी टेबलामागे एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या, त्या सोडवून लांब लांब केल्या. मोबाइलचा चार्जर, इंटरनेटची डबी, सगळं दुसऱ्या खोलीत हाकललं. मी शिडीवर आणि तो खाली टॉर्च धरून. टॉर्च भिंतीवर धरायचा असतो, हे त्याला वारंवार सांगावं लागायचं.

त्याचे कान मात्र भलतेच तिखट होते. "आता फ्रिज सुरू होईल," असं म्हणायचा आणि खरंच व्हायचा. मी विचारलं, एवढं कशाला हवंय हे सगळं? लोक मोबाइलवरसुद्धा गाणी ऐकतात आणि सुखी असतात.

"आमचं घर पिठाच्या गिरणीवर होतं," तो म्हणाला. "खालून दिवसभर धडधड. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून. आई मला झोपवायची तीसुद्धा ओरडून." तो हसला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मला एक अशी खोली हवी होती, जिथे कोणी हळू बोललं तरी कळेल."

हे तो इतकं हळू म्हणाला, की मला शिडीवरून उतरून त्याच्याजवळ जावं लागलं.

आणि एका दुपारी काम संपलं. त्याने काही न लावता सिस्टिमचा आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरच्या जाळीला कान लावला. काही नाही. नुसती शांतता... बाहेर कोणी सायकल स्टँडवर लावली, तेवढं ऐकू आलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा पुसायच्या निमित्ताने तो वळला.

"बसा," तो म्हणाला. खोलीच्या बरोब्बर मधोमध खुर्ची होती, त्याची स्वतःची. "पहिलं गाणं तुम्ही ऐकायचं. डोळे मिटा. गाणारी बाई समोर उभी राहील. व्हायोलिन एका बाजूला, बासरी दुसऱ्या. फक्त मला सांगा, बासरी कुठून येते?"

गाणं सुरू झालं. सुंदरच होतं. पण बासरी कुठून येते, ते मला सांगता येईना.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालफुगी झाली, ताप उतरला आणि कान गेला तो गेलाच. कामात काही अडत नाही, बोलण्यात फारसं नाही. फक्त आवाज कुठून आला, ते मला कळत नाही. घरात माझा फोन वाजला तर मी सगळ्या खोल्या धुंडाळते. मागच्या वर्षी एक स्थळ जमत आलं होतं. मी कानाचं सांगितलं आणि त्यांचा पुढे निरोपच आला नाही. तेव्हापासून आई म्हणते, सुरुवातीलाच कशाला सांगायचं? माणूस रुळू दे जरा. आता इथे माणूस रुळला होता. उलट मीच नको तितकी रुळले होते.

"उजवीकडून," मी अंदाजाने म्हटलं.

तो हसला. "नीट ऐका की."

"उजवीकडूनच."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"हो," मी म्हटलं. "मुद्दामच." उठले, हत्यारं पिशवीत भरली. काम झालंय, काही लागलं तर फोन करा, असं काहीबाही बोलले आणि जिना उतरले.

त्याचे फोन आले. मी उचलले नाहीत. मग मेसेज आला : घरघर परत सुरू झाली आहे, या.

मी बाबांना पाठवलं. बाबांचे गुडघे दुखतात, तरी गेले. तासाभराने परत आले ते मिशीत हसत.

"काय होतं?"

"काय असणार? स्पीकरच्या पिनेतली वायर त्यानेच उपसून ठेवली होती. दार उघडून मला बघितलं आणि तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं." बाबांनी चपला काढल्या. "तू रागावलीस का, असं विचारत होता. मी म्हटलं, ती गिऱ्हाइकांवर रागवत नाही. तर आणखीच पडला चेहरा."

मी त्यांच्या चपला उचलून बाजूला ठेवल्या.

"त्याला कानाचं सांगितलंस?"

"नाही."

"मग तो नाही म्हणाला असं आपणच ठरवून टाकायचं का? त्याला तरी म्हणू दे," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. बाहेर पावसाची भुरभुर, आत गिऱ्हाईक कोणी नाही. तिन्ही भिंतींना आरसे. तो काउंटरमागे काचा पुसत होता. मला बघून पुसतच राहिला.

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गालफुगी, कान, ते स्थळ, बासरी. "तुम्ही इतकं मन लावून ते उभं केलंत," मी म्हटलं, "आणि मला त्यातलं अर्धंच मिळतं. ते तुमच्यासमोर कबूल करायची लाज वाटली."

त्याचं पुसणं थांबलं.

"त्या दिवशी मी हसलो," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तरी हसलो ना." त्याने कापड बाजूला ठेवलं. "एक विचारू? मी डाव्या बाजूने काही बोललो की तुम्ही पूर्ण वळून, थेट माझ्या चेहऱ्याकडे बघायचात. ते... कानामुळे?"

"हो. ओठ दिसले की सोपं जातं."

"अच्छा." आणि त्याचा चेहरा असा उतरला, की मला विचारावंच लागलं.

"काय झालं?"

"काही नाही." तो उगाच एक फ्रेम उघडत-मिटत राहिला. "मला वाटायचं, तुम्हाला मी बघण्यासारखा वाटतो."

तिन्ही भिंतींमधल्या आरशांत मी लाल झाले. लपायला जागाच नव्हती.

"तेही होतं," मी म्हटलं.

रविवारी त्याने मला घरी बोलावलं, या वेळी हत्यारांशिवाय. मला त्याच खुर्चीत बसवलं आणि अॅम्प्लिफायरवरचं एक बटण दाबलं. "आता दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल. बाजूंची भानगडच नाही."

मी उठले आणि ते बटण परत होतं तसं केलं.

"का?" तो गोंधळला.

"तुझं ऐकणं अर्धं कशाला करतोस?" तोंडातून 'तू' निघून गेलं. दोघांनाही ते कळलं. "मला सांग ना, बासरी कुठे आहे?"

त्याने दुसरी खुर्ची माझ्या उजव्या हाताला ओढली. गाणं लावलं. बासरी सुरू झाली तसा त्याने माझा हात हातात घेतला आणि डाव्या बाजूला नेला, खिडकीच्या जरा अलीकडे. "इथे," तो म्हणाला. मग हात हळूहळू मधे आणला. "ही गातेय, इथे." मी डोळे मिटले. हात जाईल तिथे माणसं उभी राहत गेली.

गाणं संपलं. हात तसाच राहिला. खोलीत कसलीही घरघर नव्हती.

मग तो माझ्या कानाशी वाकला आणि हळू, अगदी हळू एक वाक्य बोलला.

ते मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे.