केबिन रिकामी, क्रेन चालू

दसऱ्याच्या सकाळी रवळूमामांच्या पुढ्यात श्रीखंडाची वाटी आली आणि नेमका त्याच वेळी तेजस्वीचा फोन वाजला.

तेजस्वी बिर्जे ही बेळगावच्या खासबागेत राहणारी खासगी गुप्तहेर. रवळूमामा तिचे सख्खे मामा, निवृत्त बस ड्रायव्हर. ते तिची गाडी चालवतात आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर ठामपणे बोट ठेवतात.

"मामा, निपाणीला जायचंय."

"जेवून?"

"आल्यावर."

मामांनी वाटीवर झाकण ठेवलं आणि किल्ली उचलली. चेहरा मात्र सुतकी होता.

फोन वृषभ मगदूम यांचा होता. निपाणीजवळ हायवेला लागून त्यांचं कंटेनर यार्ड आहे. आसपासचा माल इथे कंटेनरमध्ये भरायचा, सील करायचा आणि ट्रकवर चढवून बंदराकडे पाठवायचा. समुद्र नसलेलं बंदरच म्हणा ना. मोठ्या बंदरांवर असते तसली परदेशी क्रेन त्यांनी उन्हाळ्यात हौसेनं आणली होती. रबरी चाकांवर चालणारी, चांगली तीन मजली उंच.

आणि खंडेनवमीच्या रात्री त्या क्रेननं चळतीच्या टोकावरचा काजूचा कंटेनर खाली उतरवला होता. कुणीतरी मागचं कुंपण तोडून काजूचे डबे पळवले होते आणि सकाळी क्रेन पुन्हा जागच्या जागी उभी होती.

"कॅमेऱ्यात काय दिसतंय?" यार्डात उतरताच तेजस्वीनं विचारलं.

वृषभअण्णा ओशाळले. "खंडेनवमीला आमच्यात सगळी यंत्रं बंद ठेवून पुजतात. वजनकाटा, गाड्या, क्रेन..."

"आणि कॅमेरे?"

"ते बी यंत्रच की. बंद केलते. हळदकुंकू लावलंय."

तेजस्वीनं वर पाहिलं. कॅमेऱ्याच्या काचेच्या बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा होता. ती हसली नाही. त्यासाठी तिला खोकावं लागलं.

"सकाळपास्नं क्रेनला कुणाला हात लावू दिला न्हाय," अण्णा सांगू लागले. "केबिनची किल्ली क्रेन चालवणाऱ्या ऋतिकाकडं असती. म्हणजे एक तर ती चोर, न्हायतर क्रेनच्या कंपनीवाल्यांनी परदेशात बसून ती चालवली. आज संध्याकाळपर्यंत कळलं न्हाय, तर तिला बी घालवतो आणि क्रेन बी परत पाठवतो. मला हा ताप नको."

ऋतिका पावशे कडोलीची. शेतकऱ्याची मुलगी, परीक्षा देऊन क्रेन चालवायला शिकलेली. क्रेनच्या सावलीत ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, पण ताठ उभी होती.

"अण्णांनी सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं," ती म्हणाली. "नोकरी गेली तर दुसरी शोधीन. पण चोर म्हणून गेली तर कडोलीत मान वर करून चालायची न्हाय मी. आणि मॅडम, लई जीव हाय माझा ह्या मशीनवर. वर बसलं की निपाणीचा सगळा माळ दिसतोय."

"काल पूजा कुणी केली?"

"मीच. सगळी क्रेन धुतली, चाकं ब्रशनं घासली. केबिनच्या दाराला आडवा झेंडूचा हार बांधला. चाकांखाली लिंबं ठेवली, आमच्या परड्यातली. हा बघा फोटो."

फोटोत क्रेन नव्या नवरीसारखी नटली होती. दाराच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत हार, आणि चाकांपुढे मोठी, हिरवी, जाड सालीची लिंबं. त्यांच्यावर कुंकू.

"लिंबं कशाला?" तेजस्वीनं मुद्दाम विचारलं.

"पूजेनंतर गाडी पहिल्यांदा हलवताना चाकाखाली लिंबू फुटलं पायजे. म्हंजे चालवणाऱ्याची इडापिडा जाती. आज सकाळी मी तेच करणार होते, तर हे झालं."

तेजस्वी शिडीनं वर चढली. झेंडू सुकले होते, पण हार तुटला नव्हता आणि त्याची गाठ सुटली नव्हती. ती खाली आली तेव्हा मामा एका चाकापाशी वाकून टायरच्या खाचेत नख घालत होते.

"लिंबाच्या बिया," ते म्हणाले. "टायरात पक्क्या बसल्यात. आणि खाली लिंबू बघ कसं टवटवीत हाय. नजर लागंल इतकं."

तेजस्वीनं वाकून पाहिलं. चाकापुढे एक बारीक पिवळं लिंबू होतं, अख्खं. बाकीच्या चाकांपुढेही तसंच. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. मामांना वाटलं, पोरीला ऊन बाधलं.

मग भरमूआप्पांची पाळी आली. रात्रीचे वॉचमन. ते क्रेनपासून चांगल्या अंतरावर, गेटाला पाठ लावून बोलत होते.

"बाई, मी बघितलं. केबिनीत काळोख, माणूस न्हाय, आणि ते मशीन आपलं आपण चालत गेलं. मी खोलीत जाऊन आतनं कडी घातली ती दिवस उगवल्यावर काढली. अजून त्याच्याजवळ गेलेलो न्हाय. जाणार बी न्हाय."

"फोन का केला नाही?"

"भुताचं कुणाला सांगायचं?"

मामांनी तेजस्वीच्या कानाशी तोंड नेलं. "हाच. भुताची गोष्ट रचतोय."

शेवटी सौरव. क्रेनच्या विजेचं आणि संगणकाचं काम पाहणारा. पंख्याखाली कोरा चहा घेत होता. टेबलावर लॅपटॉप, शेजारी वाटीत लिंबं. त्यानं एक कापून चहात पिळलं. "पित्ताचा त्रास. दिवसभर हेच पितो," तो म्हणाला.

मामांनीही मागून घेतला. उपाशीपोटी त्यांना तो अमृतासारखा लागला.

"मी अण्णांना सकाळीच सांगितलतं," सौरव बोलू लागला. "ह्या परदेशी क्रेनमध्ये मोडेम असतोय. दुरुस्तीसाठी कंपनी तिकडनं आत शिरू शकती. तो बॅटरीवर जागा असतोय. पासवर्ड असला की इंजिन चालू करा, कंटेनर उचला, काय बी करा. जगभरच्या बंदरांना ह्याचीच धास्ती हाय. ऋतिकाला उगंच बोल लावू नका."

"पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"कंपनीला. आणि मला."

"कालच्या पूजेला होतास?"

"मी असल्यात नसतो. लोखंडाला लिंबू कशाला? दुपारीच घरी गेलतो."

ऊन कलल्यावर तेजस्वीनं सगळ्यांना क्रेनखाली बोलावलं. भरमूआप्पा आले, पण सावलीच्या बाहेर थांबले.

"अण्णा, आधी ऋतिकाचं बघू," ती म्हणाली. "केबिनमध्ये शिरायचं तर हार तोडायला हवा, नाहीतर सोडायला हवा. त्याची गाठ जशीच्या तशी आहे. आत कुणीच गेलं नाही. भरमूआप्पांनी पाहिलं ते खरं. क्रेन मोडेमवरूनच चालली."

"म्हणजे परदेशातनं," अण्णा म्हणाले.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण टायर काल घासून धुतलेत आणि आज त्यांत लिंबाच्या बिया आहेत. क्रेन चालली तेव्हा ऋतिकाची लिंबं फुटली. मग चाकांपुढे अख्खी लिंबं कुठून आली? कुणीतरी फुटलेली गोळा केली आणि नवी ठेवली. क्रेन हजारो मैलांवरून हलवता येईल, लिंबू नाही. आणि तिकडच्या चोराला लिंबू फुटल्याची चुटपुट लागेल कशाला? ती आपल्याच माणसाला लागते."

"भरमू," मामा पुटपुटले.

"मामा, भरमूआप्पा अजून क्रेनजवळ यायला तयार नाहीत. शिवाय लिंबंच बघा ना. ऋतिकाची हिरवी, मोठी, जाड सालीची. ही पिवळी आणि बारीक. तुम्ही दुपारी ह्यातलंच एक चहात पिळून प्यालात."

मामांनी पोटावर हात ठेवला. सगळ्यांच्या माना सौरवकडे वळल्या.

"पासवर्ड माहीत असलेला आणि रात्री ह्या जागी उभा असलेला एकच माणूस आहे," तेजस्वी म्हणाली. "मला कळत नाही ते एवढंच, की दुपारी घरी गेलो म्हणणाऱ्या आणि पूजा न मानणाऱ्या माणसानं लिंबं का ठेवली?"

सौरव चाकापुढच्या लिंबाकडे बघू लागला.

"सकाळी ऋतिका वर चढणार होती," तो म्हणाला. "पुजलेलं मशीन मी आदल्या रात्रीच चालवलेलं. चाकाखाली फुटायला लिंबूच नसतं आणि तिला वर काय झालं असतं तर? मानत न्हाय मी, पर हात ऐकंनात." त्यानं नाक पुसलं. "डबे मेव्हण्याच्या तंबाखूच्या वखारीत हायत. एक बी फोडलेला न्हाय."

अण्णांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. फोन ठेवल्यावर ते क्रेनकडे बघून म्हणाले, "तरी हिला परत पाठवू काय?"

"नको. पण भीती खोटी नव्हती," तेजस्वी म्हणाली. "कंपनीनं मागचं दार ठेवलंय आणि तुम्हाला आजपर्यंत त्याचा पत्ताच नव्हता. मोडेम बंद करून घ्या. दुरुस्ती असेल तेव्हाच, तुमच्या समोर चालू करायचा. पासवर्ड आजच बदला. आणि कॅमेऱ्यांना पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार करा."

पोलिसांची जीप सौरवला घेऊन गेली. ऋतिका त्याच्याकडे रागानं बघत होती आणि तरी तिचे डोळे भरले होते. मग तिनं ओढणी कमरेला बांधली, हार स्वतःच्या हातानं सोडला आणि केबिनमध्ये जाऊन बसली. बंदराकडे निघालेला ट्रक सकाळपासून खोळंबला होता.

इंजिन मात्र सुरू झालं नाही.

"काय गं, काय बिघडलं?" अण्णांनी खालून विचारलं.

"काय न्हाय. सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता बी सगळे हायत."

वृषभअण्णा कधी कुणापुढे वाकलेले कुणी पाहिले नव्हते. त्यांनी टोपी नीट केली, वर बघून हात जोडले आणि म्हणाले, "ऋतिका, मी चुकलो. तू चोर न्हाईस."

ऋतिकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ती आता हसत होती.

"अण्णा, लई उंच बसलीय मी. वर ऐकू आलं न्हाय."

हमाल हसले, भरमूआप्पा हसले, शेवटी अण्णाही हसले. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही कळेल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं. मग क्रेनचं इंजिन सुरू झालं.