लिंबाचा पाला

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण बन्सीधरकाकांनी एक गुन्हेगार नुसत्या जिभेनं पकडला. बोलून नव्हे. चाटून.

काका पूर्णा जंक्शनचे निवृत्त तिकीट तपासनीस. उभी हयात फुकट्यांचे चेहरे वाचण्यात गेली. त्यामुळे समस्त मनुष्यजात विनातिकीट आहे, असं त्यांचं ठाम मत. येलदरीजवळच्या मळ्यातून सत्यशीलाबाईंचा फोन आला, तेव्हा ते शिरा खात होते.

"काका, लगोलग या! मोसंबीला बुरशी लागलीय. सगळा माल सडायलाय. हे तानुबाईचंच काम!"

सत्यशीलाबाई तोडलेली मोसंबी लिंबाच्या पाल्याच्या काढ्यात बुडवून मगच बाजारात धाडायच्या. फळ लय दिवस टिकायचं. बुरशी यंदा पहिल्यांदाच.

शेडमध्ये सत्यशीलाबाईंजवळ दोघं उभी होती. काढा करणारी तानुबाई, डोळे सुजलेले. आणि पुण्याहून आलेला भाचा मुकुल, काळा चष्मा कपाळावर. काकांनी तिघांकडे सारख्याच तुच्छतेनं पाहिलं.

"पाला कुणी आणला?"

"हिनंच," मुकुल म्हणाला. "सडका आणला असेल. काढून टाका हिला."

"मी न्हाई, काका! काढा उकळला त्या दिशी मी गंगाखेडला लेकीकडं होते. ही रोजी गेली तर खाऊ काय?"

"साक्षीदार?"

"लेक हाय की."

"लेकीची साक्ष! वा! आणि सत्यशीला, तू कुठं होतीस?"

"परभणीला. मुकुलला फोनवर म्हणलं, लिंबाचा पाला उकळायचाय, तानुबाईला सांग."

"आणि मी सांगितलं," मुकुल म्हणाला.

काकांनी टाकीच्या तळाशी उरलेल्या काढ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. चेहरा होता तसाच राहिला. पुन्हा चाटलं.

"फस्क्लास!" ते म्हणाले. "असला काढा उभ्या मराठवाड्यात झाला नाही. खोट क्रेटमध्ये आहे. पाला तोडणाराला तर फेटा बांधला पाहिजे. तानुबाई, पुढं ये."

"तिला कशाला?" मुकुल पुढे सरसावला. "पाला मीच तोडला. उकळलाही मीच!"

"हां. आता तिकीट दाखव."

काकांनी बोट धोतराला पुसलं.

"सत्यशीला, आपल्या मुलखात लिंब म्हणजे कडुलिंब. हे शहाणं लिंबाचं सरबत पिऊन वाढलेलं. यानं तानुबाईला काही सांगितलंच नाही. परसातलं लिंबूचं झाड ओरबाडलं अन् तोच पाला उकळला. मोसंबीच्या वासात तो वास कुणाला कळतो? पण कडुलिंबाचा काढा चाटून माझं तोंड वाकडं झालं नाही, तवाच तुमी ओळखायला पाहिजे होतं. डोळे काय शोभेला दिलेत? माल सडला तसं यानं गरिबाच्या पोटावर पाय दिला. यापेक्षा बुरशी परवडली, ती निदान दिसते तरी."

"खोटं!" मुकुल ओरडला. "आत्या, तुझी शपथ! कडुलिंबाचाच पाला होता. वेशीवरच्या झाडावर चढलो मी. हे बघ, काट्यांनी हात सोलवटून निघालेत!"

सत्यशीलाबाईंनी भाच्याचा हात धरला. ओरखडे नीट पाहिले. पदर खोचला.

"मेल्या, कडुलिंबाला काटे कवापासून फुटायलेत?"