गोबोची पावलं

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. यात त्यातलं काहीच नाही. हे घडलं भर दुपारी, तीनला दहा मिनिटं कमी असताना, आणि हातात भांड्याची घासणी घेऊन मी स्वतः तिथे उभी होते. त्यामुळे कुणी "मनाचे खेळ असतात हो" म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

सात वर्षं झाली. जपानात तोयामाकडच्या आमच्या लहानशा गावात मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. अजूनही आहे. माझ्या शेजारी उभी राहून भात उपसायची ती तोमोए. बाकीचं सगळं तिने मला सांगितलेलं आहे, आणि तोमोए ही मीठसुद्धा मोजून घालणारी बाई. पदरचं काही घालणारी नव्हे.

तिच्या घरी नवरा शिगेकी, आठ वर्षांची मुलगी चिहारु, आणि सासरे किसाबुरो. सासऱ्यांना घरात सगळेच आजोबा म्हणत. तोमोएसुद्धा.

आणि घरात आणखी एक होता. गोबो.

गोबो हा चिहारुच्या गेममधला प्राणी. लांबुडका, तपकिरी, झुपकेदार शेपटीचा. आजोबांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या मळ्यातलं गोबोचं मूळ दिसतंय!" तेच नाव पडलं. त्याला खाऊ घालायचं, बोटाने कुरवाळायचं, अंग विंचरायचं. गेमच्या कॅमेऱ्यात त्याला खऱ्याखुऱ्या वस्तूंवर बसवून फोटोही काढता येत. गेमबरोबर बटणाएवढी एक चकतीही आली होती. गोबोला त्या चकतीत पाठवायचं, ती कमरेला अडकवायची आणि चालायचं. जितकी पावलं चालू तितकी चकतीवर मोजली जात, आणि तितकी गोबोची माया वाढे.

शाळेत असली खेळणी न्यायला बंदी. मग दिवसभर गोबोला सांभाळणार कोण?

आजोबा.

"अहो आजोबा, जेवण गार होतंय," तोमोए म्हणायची.

"थांब गं. आधी याला घालू दे. सकाळपासून उपाशी आहे पोर."

"तो खोटा आहे. त्याला भूक कुठली लागायला?"

"तुला सांगितलं का त्याने येऊन? मला तर रोज सांगतो."

तीनला दहा कमी असताना आजोबा रबरी बूट चढवायचे, चकती कमरेला लावायचे आणि चिहारुला आणायला निघायचे. तोमोए शाळेतच, पण भांडी उरकेपर्यंत तिला चार वाजत. येताना आजोबांनी नातीचा उजवा हात धरलेला असायचा. रस्ता पाटाकाठचा, म्हणून.

तोमोए त्या वाटेने जाऊन आली की चकती सोळाशे पावलं दाखवी. आजोबांचा डावा गुडघा गेलेला. एक पाऊल लांब, एक आखूड. त्यांची रोज तेवीसशे व्हायची.

हा आकडा लक्षात ठेवा.

दहा ऑक्टोबरला चिहारु फाटकाशी चार वाजेपर्यंत उभी राहिली. आजोबा आलेच नाहीत. मायलेकी घरी गेल्या. दारातल्या पायरीवर आजोबा बसलेले होते... बूट घातलेले, चकती कमरेला, पाठ भिंतीला टेकलेली.

हृदय बंद पडलं होतं. आकडा शून्य होता. ते निघालेच नव्हते.

शवपेटीत माणसाच्या आवडीच्या वस्तू ठेवतात. चिहारुने हट्ट धरला, गोबोला आजोबांबरोबर पाठवायचं. अंत्यविधीचं बघायला आलेला माणूस मोठ्या अदबीने म्हणाला, "बॅटरीचं काही नको हं बाळ, भट्टीत फुटतं." मग शिगेकीने गेममधला गोबोचा एक फोटो दुकानातल्या यंत्रावर छापून आणला.

त्या माणसाने फोटो हातात घेतला. "यात कुणी जिवंत माणूस नाही ना?"

आमच्याकडे हे पाळतात. जिवंत माणसाचा फोटो पेटीत गेला, तर जाणारा त्याला बरोबर घेऊन जातो.

"माणूस कुठला," शिगेकी म्हणाला. "गेममधला प्राणी आहे तो."

तोमोएनेही ओझरतं पाहिलं. नुसता गोबो होता. तिनेच फोटो आत ठेवला.

आठव्या दिवशी संध्याकाळी चिहारुने गेम उघडला. गोबो चकतीतून परत आला, शेपटी हलवली, आणि स्क्रीनवर ओळ उमटली.

"आज आपण २३१२ पावलं चाललो! मजा आली!"

चकती दिवसभर देव्हाऱ्याखालच्या खणात होती.

तोमोए आधी लेकीवर चिडली, मग नवऱ्यावर. शिगेकी म्हणाला, "मला दुसरे उद्योग नाहीत का? ट्रक जातात, घर हादरतं, तेवढ्याने आकडा हलत असेल."

दुसऱ्या दिवशी २३०७.

तिसऱ्या दिवशी २३१५. आणि गोबोचं पोट भरलेलं, अंग नीट विंचरलेलं.

तोमोएने चकती एका डब्यात घातली, डब्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि चौथ्या दिवशी तो घेऊन कामावर आली. मला सगळं सांगितलं. मी हसले. खोटं कशाला बोलू, चांगली खदाखदा हसले.

अडीचला आम्ही चकती बाहेर काढली आणि पोलादी टेबलावर ठेवली. आकडा शून्य. आम्ही भांडी घासत राहिलो, एक डोळा तिकडे.

तीनला दहा कमी.

एक.

मी नळ बंद केला.

दोन... तीन. मग जरा थांबून चार... लगेच पाच. थांबून सहा... लगेच सात.

टेबल हलत नव्हतं. कुणाचा धक्का नव्हता. तोमोएचे ओठ पांढरे पडले.

"हे त्यांचं चालणं आहे," ती पुटपुटली. "गुडघा."

आम्ही दोघी अकराशे पन्नासपर्यंत तशाच उभ्या राहिलो. तिथे आकडा थांबला. आमच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं. फाटकाशी चिहारु एकटीच उभी होती, पाठीला दप्तर लावून.

तिने मान वर केली. काहीतरी बोलली... आणि हसली.

मग घराकडे चालू लागली. उजवा हात अंगापासून जरा दूर, किंचित वर उचललेला.

टेबलावर आकडा पुन्हा सरकू लागला.

तोमोए एप्रनसकट धावत सुटली. पाटाच्या कडेला तिने लेकीला गाठलं, तिचा उजवा हात पकडला आणि दचकून सोडला. हात बर्फासारखा गार होता. डावा मात्र कोमट.

"कुणाशी बोलत होतीस?"

"गोबोशी."

"दिसतो तुला?"

"नाही. पण पायात घुटमळतो."

"आणि... आजोबा?"

चिहारुने आईकडे असं बघितलं, जसं काही आईच लहान आहे. "आजोबा मेले ना, आई. नुसता हात येतो."

त्या संध्याकाळी तोमोएने गेममधला तो फोटो पुन्हा उघडला. या वेळी मोठा करून पाहिला. गोबो बसला होता, शेपटी गुंडाळून. पण बसला होता कशावर?

तळहातावर. लहान, उजव्या तळहातावर. अंगठ्यापाशी चिहारुची ती कात्रीने कापल्याची जुनी खूण होती.

लेकीचा हात तिने स्वतःच पेटीत घातला होता.

तिने माझ्याजवळ बसून हे सांगितलं, तेव्हा तिला धड रडताही येत नव्हतं. "एकोणपन्नासाव्या दिवशी आत्मा घर सोडतो म्हणतात. त्या दिवशी हात धरूनच नेतील गं ते हिला. मी काय करू?"

मला काय कप्पाळ सुचणार! मी म्हटलं, मंदिरात विचार.

मंदिरातले भिक्षू तरुण होते, गाडी धुवत होते. "आमच्या पंथात हे असलं मानत नाहीत," ते म्हणाले. "माणूस गेला त्याच क्षणी मुक्त झाला. आणि खेळण्याचं म्हणाल तर बॅटरी काढून ठेवा."

तोमोएने चकतीची आणि गेमची, दोन्ही बॅटऱ्या काढल्या.

चकतीवर आकडा तरीही २३०९.

सत्तावीस नोव्हेंबर, एकोणपन्नासावा दिवस. बुधवार होता. लोक सोयीसाठी आधीच्या रविवारी विधी उरकून घेतात, पण तोमोए हटून बसली. विधी त्याच दिवशी आणि त्याच वेळी. चिहारुला तिने शाळेत पाठवलं नाही. मला म्हणाली, "तू ये. हे खरं आहे हे जाणणारं कुणीतरी मला शेजारी हवं."

अडीचला भिक्षू आले. शिगेकी काळ्या कोटात. तोमोएने लेकीचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरलेला. चकती आणि गेम तिने मांडीजवळ ठेवले होते. बाहेर पावसाची भुरभुर. स्तोत्र सुरू झालं.

तीनला दहा कमी.

एक... दोन.

मी मोजत होते. डोळे मिटायचं धैर्यच होईना.

अकराशे पन्नासला आकडा थांबला. फाटक आलं. पण आज फाटकाशी कुणी नव्हतं.

एक मिनिट गेलं. पाच गेली. आकडा जागचा हलेना. शिगेकीने सुस्कारा सोडला, "झालं. संपलं."

अकराशे एक्कावन्न.

आता आकडा भराभर पळू लागला. त्या गुडघ्याने एवढं भरभर चालणं शक्यच नव्हतं... आणि तरी लय तीच. एक लांब, एक आखूड. दोन हजार. दोन हजार दोनशे.

तेवीसशे.

बाहेरचं सरकतं दार खडखडलं.

भिक्षूंचं स्तोत्र मधेच थांबलं. ज्यांच्या पंथात असलं काही मानत नाहीत, ते दाराकडे बघायलाही तयार नव्हते.

तेवीसशे एक... तेवीसशे दोन. ओल्या रबरी बुटांचा वास आला. मला आला, शिगेकीलाही आला, त्याने नाकावर हात धरला. तेवीसशे पाच. बोळातली फळी करकरली.

"आई, हात दुखतोय," चिहारु म्हणाली. "तू ओढू नकोस."

"मी नाही ओढत गं!"

तिचा हात सरळ दाराच्या दिशेने ताणला गेला होता. खांद्यापासून.

तोमोए ओरडली. सुनेने सासऱ्यांवर आवाज चढवावा, असं त्या घरात कधी घडलं नसेल. "आजोबा! पोरगी घरी आहे! आज तिला आणायला जायचं नव्हतं! तुम्हाला गोबो हवा ना? न्या! घेऊन जा त्याला, पण हिचा हात सोडा!"

एका हाताने लेकीला धरून दुसऱ्या हाताने तिने गेममध्ये बॅटरी कोंबली. स्क्रीन उजळली. यादीत सगळ्यात खाली होतं, "निरोप द्या". तिने दाबलं.

"खरंच? हा प्राणी पुन्हा परत येणार नाही."

"आई, नको!" चिहारु किंचाळली. "आई, तू चुकतेयस! ऐक ना!"

तोमोएने "हो" दाबलं.

गोबोने एकदा मागे वळून पाहिलं. शेपटी हलवली आणि कडेकडेने चालत स्क्रीनच्या बाहेर गेला. चकतीवर शून्य आलं. चिहारुचा हात धपकन मांडीवर पडला.

शिगेकी उठून बोळात गेला. दार बंद होतं. पायरीवर पाण्याचा एक थेंब नव्हता.

तोमोए लेकीचा हात चोळत होती, फुंकर घालत होती. हात हळूहळू गरम झाला. ती हसायला लागली, रडायला लागली, मलाही रडू फुटलं. वाचली पोर, एवढंच डोक्यात होतं.

चिहारु मात्र रडली नाही. रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसली होती.

"आज मी फाटकाशी नव्हते, म्हणून आजोबा शोधत आले. ते मला न्यायला येत नव्हते, आई," ती म्हणाली. "घरी पोचवायला येत होते."

"बरं, बरं. आता झालं ना सगळं..."

"पाटात जी उभी असते ना, ती आजोबा असले की मान खाली घालायची."

शिगेकीने विचारलं, "कोण उभी असते?"

"माहीत नाही. पण उद्यापासून ती माझ्याकडे बघणार."

चिहारु आता पंधरा वर्षांची आहे. हसती-खेळती, अभ्यासात बरी. त्या दिवसापासून तोमोए तिला शाळेत गाडीने नेते आणि गाडीनेच आणते. ताप असो, बर्फ असो, एक दिवस चुकवलेला नाही. येत्या वसंतात पोरगी शहरातल्या शाळेत जाणार. तिथे स्टेशनपर्यंत चालत जावं लागतं, आणि स्टेशनच्या वाटेवरही पाट आहेच. तोमोए मला सारखी विचारते, "मी तेव्हा बरोबर केलं ना गं?"

मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

माझी घरी जायची वाट मात्र अजून त्या पाटाकाठूनच आहे. मी पाण्याकडे बघत नाही. पण गेल्या आठवड्यात भर दुपारी तिथून येत होते... आणि पाण्यातून कुणीतरी अगदी हळू विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

हे मी तोमोएला अजून सांगितलेलं नाही.