पहिल्यांदा उघडताना दीड मिनिट

तो आला होता पासपोर्टच्या फोटोसाठी. पांढऱ्या पडद्यापुढे शहाण्यासारखा बसला. हनुवटी खाली म्हटलं की खाली, नजर माझ्याकडे म्हटलं की... माझ्याकडेच. फोटो काढला, नुकत्याच चालू केलेल्या कॉम्प्युटरवर फायलींच्या प्रोग्रामला टिचकी मारली, आणि आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. प्रोग्रामची खिडकी काही उघडेना. बाहेर एकेक शटर वर सरकत होतं, ओल्या रस्त्यावरून सायकली सरसरत होत्या, आणि आत माझ्या कानाच्या पाळ्या उगीचच तापत होत्या.

दीड मिनिटानं खिडकी उघडली. रोज असंच होतं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सकाळी पहिल्यांदाच. एकदा उघडली की मग दिवसभर वाऱ्यासारखी. तो हसला.

"जे पहिल्यांदाच अडतं ना, ते कुणाची तरी वाट बघत असतं."

दोन गल्ल्या सोडून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. उद्या येऊन बघतो म्हणाला. मशीन रात्रभर बंद राहिल्याशिवाय हा दोष दिसत नाही, तेव्हा रोज सकाळी एकदाच तपासता येईल, असंही म्हणाला – अगदी वैद्याचा चेहरा करून.

मग तो रोज यायचा. एके दिवशी त्यानं प्रोग्रामनं साठवलेल्या चाळीस हजार फोटोंच्या चिमुकल्या प्रती पुसल्या, खिडकी ढिम्म. दुसऱ्या दिवशी जुने फोल्डर हलवले, तरी ढिम्म. आणि ती उघडेपर्यंत आम्ही बोलायचो. तो आंघोळीत गातो आणि बहीण बाहेरून दार वाजवते, हे मला कळलं. मी लोकांना हसवते पण स्वतःच्या फोटोत कधी हसत नाही, हे त्याला कळलं. दीड मिनिटात किती मावतं... चिमूटभर वेळ, ओंजळभर बोलणं.

स्टुडिओ माझ्या आत्याचा. ती आतल्या खोलीत फोटो कापत बसायची. कटरला धार होती, जिभेला त्याहून जास्त. तिनं त्याचं नावच 'दीडमिनिट' ठेवलं. गुरुवारी तो गेल्यावर आतूनच म्हणाली,

"खिडकी उघडेना नि पाहुणा उठेना."

आणि पुढे सुनावलं की शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मशीन दुसऱ्याकडे जाईल. दुरुस्त झालं तर तो यायचा थांबणार, नाही झालं तरी थांबणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शुक्रवारी भरदुपारी वीज गेली नि लगेच आली. मशीन पुन्हा सुरू केलं, टिचकी मारली – पुन्हा तेच दीड मिनिट. मी बघतच राहिले. म्हणजे रात्रीची गरजच नव्हती. बंद करून चालू केलं की दोष हजर, दिवसातून दहादा. फोटो काढणाऱ्या मला हे कळलं, आणि दुरुस्तीवाल्याला कळलं नसेल? एकतर तो अगदीच ठोंब्या होता, नाहीतर... पुढचा विचार मी पुरा केलाच नाही. समोर फोटोसाठी बसलेले आजोबा म्हणाले, पोरी, हसायचं मला आहे ना?

शनिवारी तो ओले केस विंचरून आला. मी खुर्ची दिली आणि विजेची गोष्ट सांगितली.

"पहिल्याच सकाळी सापडलं होतं," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं सांगितलं. आत्याची जुनी भागीदारीण दोन वर्षांपूर्वी आपला कॉम्प्युटर घेऊन गेली, पण या मशीनमधली त्याची जोडणी तशीच राहिली. मशीन सुरू झालं की हा प्रोग्राम आधी तिच्या दारावर थाप मारतो, दीड मिनिट उत्तराची वाट बघतो, आणि मग हिरमुसून आपलं काम करतो. एक ओळ पुसायची, बस्स.

"मग पुसली का नाही?"

"पुसली असती तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो असतो? मला... तुझ्याकडे यायचं होतं."

मी त्याला सरकायला सांगितलं. कुठली ओळ ते त्यानं बोटानं दाखवलं. ती मी माझ्या हातानं पुसली, मशीन बंद करून चालू केलं, टिचकी मारली. पापणी लवायच्या आत खिडकी उघडली. त्याचा चेहरा मात्र पडला. पिशवी उचलून तो उठायला लागला.

मी पिशवीचा बंद धरला. "उद्या ये. काही बिघडलेलं नसताना ये."

तो पुन्हा बसला. खरं तर कोसळलाच खुर्चीत.

आतून आत्यानं विचारलं, झालं का दुरुस्त? झालं, मी म्हटलं.

"मग तो अजून का बसलाय?"

"मी बसवलंय."

कटर थांबलं. मग आत्या नुसतं 'बरं' म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा मधलं दार तिनं आपणहून लावून घेतलं.